साळुंकीचं पान

सकाळची उन्हं नुकती कठड्यावर आली होती आणि फटीतून काळ्या मुंग्यांची रांग चालली होती. साळुंकी उतरली, दोन पावलं टाकली, एक मुंगी चोचीत उचलली. आता गिळणार, असं मला वाटलं. पण तिने डावा पंख अर्धवट उघडला, शेपटी पोटाखालून पुढे ओढून घेतली आणि ती मुंगी पंखाच्या टोकाच्या पिसांवर आतल्या बाजूने झपझप घासली. मुंगी टाकली, दुसरी उचलली, पुन्हा तेच. एकदा तर स्वतःच्याच शेपटीवर पाय पडून ती कोलमडली. सावरली, इकडेतिकडे पाहिलं आणि परत कामाला लागली. पाच-सात मिनिटं हा कारभार चालला. मग काही घडलंच नाही अशा तोऱ्यात उडून गेली.

मी आत जाऊन फील्ड गाइड आणलं. साळुंकीचं पान शोधायला वेळ लागला, कारण ते पान मी कधी उघडलंच नव्हतं. कशाला उघडीन? साळुंकी ओळखायला पुस्तक लागतं का? पानावर नऊ ओळी होत्या. तपकिरी अंग, काळं डोकं, डोळ्यामागे पिवळी कातडी, उडताना पंखात दिसणारा पांढरा पट्टा, वस्तीजवळ राहते, जोडीने किंवा थव्याने दिसते. सगळं खरं होतं आणि सगळं मला दुसरी-तिसरीपासून माहीत होतं. मुंगीचं नाव नाही.

त्या दिवसापर्यंत माझी समजूत अशी होती, की पक्ष्यांचं पुस्तक म्हणजे पक्षी ओळखण्याचं पुस्तक. जो पक्षी ओळखता येतो त्याच्यासाठी पुस्तक लागत नाही. ही समजूत त्या कठड्यावर मोडली आणि त्यानंतर जी पुस्तकं घरात आली, काही चुकून, काही उशिरा, त्यांची ही गोष्ट.

फील्ड गाइडला मी नावं ठेवणार नाही. त्याचा जन्मच एका नेमक्या कामासाठी झाला. १९३४ साली अमेरिकेत रॉजर टोरी पीटरसन या तरुण चित्रकाराचं छोटेखानी पुस्तक निघालं. त्याआधी बराच काळ पक्षी नक्की ओळखायचा म्हणजे बंदुकीने पाडायचा आणि हातात घेऊन मोजायचा, असा शिरस्ता होता. पीटरसनने काय केलं, तर सारखे दिसणारे पक्षी एकाच पानावर, एकाच पवित्र्यात, शेजारी शेजारी उभे केले आणि जिथे नजर गेली पाहिजे तिथे छोटा बाण काढला. भुवईवर बाण, शेपटीच्या कडेवर बाण. पहिल्या छपाईच्या २,००० प्रती पाहता पाहता संपल्या. आज जगातलं कुठलंही फील्ड गाइड उघडा, ते त्याच बाणांचं नातवंड आहे.

पण बाण काढायचा म्हणजे बाकीचं सगळं गाळायचं. पक्षी काय खातो, घरटं कोण बांधतं, पिल्लं किती दिवसांनी उडतात, पिसं कधी गाळतो, शेजाऱ्याशी कसा भांडतो, यातलं काहीच खिशात मावत नाही. मावू नयेच. माझं दुखणं एवढंच होतं, की नाव कळल्यानंतर पुस्तक मिटायचं आणि माझं बघणंही तिथेच मिटायचं. बरीच वर्षं मी नावं गोळा करत हिंडले. यादी वाढत होती आणि एकेका पक्ष्याबद्दल मला ठाऊक असलेली वाक्यं दोनच्या वर जात नव्हती.

मग अर्थातच मी चुकीचं पुस्तक घेतलं. टेबलावर ठेवलं तर टेबल छोटं दिसावं एवढं. गुळगुळीत कागद, पानभर फोटो, घारीच्या डोळ्यात आभाळ दिसेल इतके स्पष्ट. जाड आहे म्हणजे सखोल असणार, हा माझा हिशेब. घरी आणून वाचायला बसले तेव्हा कळलं, की फोटोंखालच्या मजकुरात ‘मोहक’, ‘रुबाबदार’ आणि ‘निसर्गाची किमया’ या तीन शब्दांचा मुक्तहस्ते वापर आहे आणि त्यापलीकडे फील्ड गाइडच्याच नऊ ओळी पसरून लिहिल्या आहेत. साळुंकीचा फोटो मात्र फार सुंदर होता. पुस्तक अजून आहे. त्याच्याखाली फुलं दाबून ठेवायला उत्तम.

आमच्याबरोबर पक्षी बघायला येणारे एक काका आहेत. कमी बोलतात. त्यांना मी ही फजिती सांगितली तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, “पुस्तक हातात आल्यावर तू काय उघडून पाहिलंस?”

“गरुड,” मी म्हटलं. “मग घुबडं. मग ते बर्फातले पक्षी.”

“म्हणजे जे तू कधी पाहिलं नाहीस ते. मग पुस्तक खरं बोलतंय की नुसतं गोड बोलतंय, तुला कळणार कसं? साळुंकी उघडायची. चिमणी उघडायची. रोज बघतेस ते. तुला जे ठाऊक आहे ते त्या पानावर आहे का बघ. मग तुला ठाऊक नाही असं किती आहे ते बघ. आणि तिसरं,” इथे ते थांबले, “त्याला स्वतःला काय ठाऊक नाही, हे ते सांगतं का बघ.”

पहिल्या दोन कसोट्या मला लगेच पटल्या. तिसरी कळायला फार वेळ गेला.

साळुंकीचं पान घेऊन मी ग्रंथालयात बसू लागले. पहिल्यांदा हाती आलं ते सलीम अली आणि डिलन रिप्ली यांचं भारत-पाकिस्तानच्या पक्ष्यांवरचं दहा खंडांचं हँडबुक, १९६८ ते १९७४ या काळात निघालेलं. फोटो नाहीत, रंगीत चित्रं मोजकी, अक्षर बारीक. पण एकेका पक्ष्याखाली आधी निरनिराळ्या भाषांतली त्याची स्थानिक नावं, मग आकार, खुणा, कुठे आढळतो, सवयी, अन्न, आवाज, वीण आणि शेवटी ‘म्युझियम डायग्नोसिस’ नावाचा एक गूढ परिच्छेद. तो संग्रहालयाच्या खणात मृत पक्षी हातात धरून बसलेल्या माणसासाठी असतो. मला त्याचा उपयोग शून्य. तरीही तो वाचताना एक गोष्ट लक्षात आली. हे पुस्तक मला खूश करायला लिहिलेलंच नाही. ज्याला प्रश्न पडलाय त्याच्यासाठी ते लिहिलंय आणि ज्याला पडला नाही त्याने उघडू नये अशी त्याची साधी अपेक्षा आहे.

पुढे युरोप, उत्तर आफ्रिका आणि मध्यपूर्वेच्या पक्ष्यांवरचे नऊ जाडजूड खंड पाहायला मिळाले, १९७७ ते १९९४ मधले. ‘बर्ड्स ऑफ द वेस्टर्न पॅलिआर्क्टिक’ हे नाव उच्चारतानाच धाप लागते, म्हणून जगभर त्याला आद्याक्षरांनीच ओळखतात. त्यात एका साध्या पक्ष्याला पानंच्या पानं. अन्न या एका मथळ्याखाली कोणत्या महिन्यात किती पक्ष्यांच्या पोटात काय सापडलं याचा हिशेब. सामाजिक वर्तन या मथळ्याखाली भांडणाच्या पवित्र्यांची रेखाचित्रं. आवाज, वीण, पिसं गाळण्याचा क्रम, मोजमापं, वजनं. भाषा इतकी आखडलेली, की क्रियापदंसुद्धा वाचवलेली. संक्षेपांची यादी पुढे-मागे कुठेतरी असते आणि ती आधी वाचायची असते, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.

असं पुस्तक वाचायची एक रीत आहे आणि ती कादंबरीची नाही. आधी मी एक परिच्छेद वाचते. मग बाहेर जाते. ‘जमिनीवर चालते, घाईत असली तर उड्या मारते’ असं एखादं फुटकळ वाक्य असतं. मग मी साळुंकीचे पाय बघत अर्धा तास घालवते. घरी येऊन पुढचं वाक्य. आठवड्यात एक पान झालं तरी खूप झालं.

आवाजाचं मात्र सांगायलाच हवं, कारण जाड असो की बारीक, सगळ्याच पुस्तकांची तिथे त्रेधा उडते. पक्ष्याचं गाणं कागदावर उतरवायचं कसं? जुनी रीत अक्षरांची. ‘चुर्र-चुर्र’, ‘किक-किक-किक’, ‘टीड्यू-ईट’. एका लेखकाच्या कानाला जे ‘ट्वी’ ते दुसऱ्याच्या कानाला ‘झ्वी’, आणि प्रत्येकाच्या मातृभाषेची मोडणी त्यात मिसळलेली. इंग्रजी माणसाने लिहिलेली शीळ मराठी तोंडाने वाचली, की भलताच पक्षी बोलू लागतो. मग ध्वनिआलेख आले, म्हणजे आवाजाची उंची आणि काळ दाखवणारा काळ्या फराट्यांचा नकाशा. खिशातल्या फील्ड गाइडमध्ये ते छापण्याचं धाडस अमेरिकेत १९६६ साली झालं. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला ते शाईचे डाग वाटले. पण सवय झाली, की डोळ्यांना आवाज चढताना-उतरताना दिसतो. अक्षरं बनवाबनवी करतात, आलेख करत नाहीत. आता तर फोनवर खरा आवाजच ऐकू येतो, मग आलेख कशाला, असं कुणी म्हणेल. ऐकणं निसटतं, आलेखावर बोट ठेवता येतं, एवढंच माझं उत्तर आहे.

आणि कान हे काय साधन आहे हे आठवायला मी अधूनमधून गिल्बर्ट व्हाइटकडे जाते. इंग्लंडमधल्या एका खेड्यातला हा पाद्री. हिरवट-पिवळट, अंगठ्याएवढे, पानांत सतत वळवळणारे पर्णवटवटे सगळ्यांना एकच वाटत असताना त्याने १७६८ साली ठामपणे लिहिलं, की हे तीन निरनिराळे पक्षी आहेत, कारण तिघांचं गाणं निराळं आहे. आजच्यासारखी दुर्बीण नाही, ध्वनिआलेख नाही. आज कुठल्याही जाड पुस्तकात या तिघांना स्वतंत्र पानं आहेत.

साळुंकीकडे परत येते. तिचं पान शोधता शोधता मला एक शोध लागला आणि पुस्तकं निवडण्याबाबत त्याने माझं डोकंच फिरवलं. आपल्या घरच्या पक्ष्यावरचं सगळ्यात सविस्तर प्रकरण आपल्या घरच्या पुस्तकात असेलच असं नाही. जिथे तो उपरा आहे, तिथे त्याच्यावर जास्त लिहिलं जातं. साळुंकी १७६२ साली भारतातून मॉरिशसला नेली, तिथले लाल टोळ खाण्यासाठी. १८६२ साली ती मेलबर्नला सोडली गेली, पुन्हा किडे खाण्याच्याच आशेने. पुढे ती तिथे इतकी माजली, की २००० साली जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जिवांची जी यादी झाली, तिच्यात पक्षी फक्त तीन आणि त्यांपैकी एक आमची साळुंकी. दुसरा लालबुड्या बुलबुल. तिसरी युरोपातली मैना.

ज्याचा उपद्रव होतो त्याचा अभ्यास होतो. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अंटार्क्टिकाच्या पक्ष्यांचं सात खंडांचं हँडबुक १९९० ते २००६ या काळात निघालं आणि त्याच्या शेवटच्या खंडात साळुंकी आहे. हजारो मैल लांबच्या पुस्तकात शेजारणीची कुंडली सापडावी तसं वाटलं. ज्या पक्ष्याला आपण ‘असतेच ती’ म्हणून सोडून देतो, त्याची तिथे कुणीतरी घरटी मोजलेली, भांडणं टिपलेली. जरा रागानेच टिपलेली, पण टिपलेली. तेव्हापासून एखाद्या साध्या पक्ष्यावर वाचायचं झालं, की मी आधी विचारते, हा कुठे कुणाच्या डोळ्यांवर आलाय का?

आणि मुंग्या? त्या एका जाड खंडाच्या सामाजिक वर्तनाच्या परिच्छेदात सापडल्या, मैनांच्या कुळाखाली, अर्ध्या वाक्यात. त्या अर्ध्या वाक्याला स्वतःचा शब्द होता. जर्मन पक्षीतज्ज्ञ एर्विन श्ट्रेझमान यांनी १९३५ साली त्या वागण्याला नाव दिलं, आणि १९३६ साली खुद्द सलीम अलींनी याच विषयावर टिपण लिहून विचारलं होतं, की पक्षी अंगावरच्या उवा-पिसवा घालवायला मुंग्या वापरतात का? मी माझ्यापुरतं त्याला मुंगीस्नान म्हणते. काही पक्षी मुंग्यांच्या वारुळावर पंख पसरून सरळ लोळतात, काही साळुंकीसारखे एकेक मुंगी उचलून घासतात. मुंगी नाही मिळाली तर गोम, लिंबाची साल, डांबरगोळी, इतकंच काय सिगारेटचं थोटुकसुद्धा चालतं.

कशासाठी? इथे मजा आहे. एक मत असं, की मुंगीच्या अंगातल्या आम्लाने पिसांतले परजीवी आणि बुरशी मरते. दुसरं असं, की पिसं गाळायच्या दिवसांत कातडीला येणारी खाज त्याने शमते. तिसरं सर्वांत व्यवहारी. मुंगी खायचीच आहे, पण तिच्यातलं आम्ल तोंडाला लागतं, म्हणून ते आधी पिसांना पुसून टाकायचं. भाजी निवडावी तशी मुंगी निवडायची. २००८ साली अमेरिकेतल्या कावळ्याच्या कुळातल्या निळ्या ‘जे’ पक्ष्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. आम्लाची पिशवी काढून टाकलेल्या मुंग्या दिल्या तर ते त्या न घासता गिळत होते आणि पिशवी असलेल्या दिल्या तर बहुतेकदा घासून मग. निळ्या जेपुरतं म्हणाल तर तिसऱ्या मताचं पारडं जड झालं. साळुंकीपुरतं? पुस्तकात त्या अर्ध्या वाक्यानंतर पूर्णविराम होता.

काकांची तिसरी कसोटी मला इथे कळली. चांगल्या जाड पुस्तकात काही परिच्छेद फार छोटे असतात. ‘वीण: माहिती नाही.’ ‘घरटं अद्याप सापडलेलं नाही.’ ‘स्थलांतर: बहुधा स्थानिक, पुरावा अपुरा.’ पूर्वी हे वाचून मी खट्टू व्हायचे. एवढं जाड पुस्तक आणि हेही ठाऊक नाही? आता मी पुस्तक हातात घेतलं, की आधी ही वाक्यं शोधते. ज्या पुस्तकात ती नाहीत, ज्यात प्रत्येक पक्ष्याखाली प्रत्येक रकाना सारखाच भरलेला आहे, ते पुस्तक मी परत ठेवते. कुणीतरी रिकामी जागा दिसू नये म्हणून शेजारच्या पक्ष्याची माहिती सरकवली असणार, अशी शंका येते. सगळ्या प्रश्नांची उत्तरं ठाऊक असलेल्या माणसाविषयी येते तशीच.

रिकामा रकाना खोट्याने भरला तर काय होतं, याचा दाखला म्हणजे वनपिंगळा. १८७३ साली पक्षीतज्ज्ञ ह्यूमने या छोट्या घुबडाचं वर्णन केलं. त्यानंतर जेमतेम सात नमुने, शेवटचा १८८४ सालचा. मग शांतता. अपवाद एकच, १९१४ सालचा, गुजरातेतल्या मांडवीचा, कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन यांनी नोंदवलेला. कर्नलसाहेब मोठे माणूस, त्यांचा संग्रह प्रचंड, त्यांची नोंद ग्रंथांत जाऊन बसली. नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन या संशोधक संग्रहालयांतले जुने नमुने तपासत असताना उलगडा झाला, की तो १९१४ सालचा पिंगळा मुळी १९१४ सालचा नव्हताच. एकोणिसाव्या शतकात जेम्स डेव्हिडसन यांनी जमवलेला नमुना संग्रहालयातून चोरून, त्याचा पेंढा बदलून, नव्याने शिवून, खोटी चिठ्ठी बांधली होती. अशी एकच नाही, अनेक. खोटी नोंद बाजूला काढल्यावर पिंगळा कुठे शोधायचा ते स्पष्ट झालं: जिथे खरे नमुने मिळाले होते तिथे. नोव्हेंबर १९९७ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना वनपिंगळा दिसला. दिवसाढवळ्या, निष्पर्ण झाडावर. ११३ वर्षांनी.

२००५ साली रासमुसेन आणि चित्रकार जॉन अँडरटन यांचं दक्षिण आशियाच्या पक्ष्यांवरचं दोन खंडांचं पुस्तक आलं, तेव्हा त्यातून फक्त माइनर्ट्झहागनच्या भरवशावर उभ्या असलेल्या नोंदी वगळल्या होत्या. म्हणजे नवं पुस्तक काही बाबतीत जुन्यापेक्षा कमी सांगत होतं. आधीच्या पुस्तकात आहे आणि इथे नाही, म्हणून मी ते कमी प्रतीचं समजले असते, हे आठवून आजही कान गरम होतात. दोन खंडांची त्याची मांडणीही मला आवडते. एक खंड चित्रं आणि नकाशांचा, झोळीत टाकायचा, दुसरा घरी बसून वाचायचा. भूक दोन प्रकारची असते हे ओळखलेलं पुस्तक.

पुस्तकं शिळी होतात, त्याचं काय? होतात. ससाणे घारी-गरुडांच्या शेजारी छापलेली पुस्तकं माझ्याकडे आहेत. चोच बाकदार, नखं अणकुचीदार, म्हणून शेजारी. २००८ साली जनुकांच्या मोठ्या अभ्यासातून दिसलं, की ससाण्यांचं नातं घारींपेक्षा पोपटांशी आणि चिमण्यांच्या विशाल गोताशी जवळचं आहे. रोहित पक्ष्याची जवळची नातलग निघाली तळ्यात डुबक्या मारणारी टिबुकली. एका रात्रीत सगळ्या अनुक्रमणिका खोट्या. पाकोळी हवेतच झोपते की काय, यावर जुन्या ग्रंथांत सावध अंदाज आहेत. २०१६ साली स्वीडनच्या संशोधकांनी पाठीवर बांधलेल्या इवल्या यंत्रांनी दाखवलं, की काही पाकोळ्या दहा महिने जमिनीवर टेकतच नाहीत. पाणटिवळा जातीची एक मादी २००७ साली अलास्काहून न्यूझीलंडला निघाली आणि आठेक दिवसांत, न थांबता, अकरा हजार किलोमीटरहून जास्त उडून पोचली. पाठीमागे उपग्रह होता म्हणून कळलं. त्याआधीच्या पुस्तकांत त्या मार्गावर प्रश्नचिन्ह आहे.

मला ती जुनी प्रश्नचिन्हं टाकून द्यावीशी वाटत नाहीत. प्रश्नचिन्ह योग्य जागी होतं, म्हणून तर उत्तर तिथे बसलं. वर्गीकरण आणि नावं यांसाठी जुनं पुस्तक वापरू नये, एवढं पथ्य पुरे. घरट्याची बांधणी आणि भांडणाचा पवित्रा पन्नास वर्षांत फारसा बदलत नाही. आणि नव्याचा हव्यास असेल तर कागदावरची शर्यत आता संपल्यातच जमा आहे. जगातल्या सगळ्या पक्ष्यांना कवेत घेणारं सोळा खंडांचं स्पॅनिश प्रकाशनाचं हँडबुक १९९२ साली सुरू झालं आणि २०११ साली पुरं झालं, वर २०१३ साली एक पुरवणी खंड. त्याचा मजकूर २०२० साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या ऑनलाइन कोशात गेला. तिथे दुरुस्ती रोज होऊ शकते. तरी मी त्यातला एक सुटा खंड कागदावर वापरते, कारण पडद्यावर मी जे शोधायला जाते तेच मला सापडतं. खंडात साळुंकी शोधताना कोतवाल आडवा येतो.

संच पुरा करण्याचा मोह मात्र टाळावा. मी टाळला, म्हणजे टाळावा लागला. दहा खंड कपाटात ओळीने उभे दिसले, की वाचून झाल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा एकच सुटा खंड घ्यावा, ज्यात आपले चार-पाच रोजचे पक्षी आहेत तो. सूची तपासावी, स्थानिक नावांची सूची नसेल तर कुरकुरावं. पाठ उघडून टेबलावर सपाट राहते का पाहावं. तीन किलोचं पुस्तक एका हाताने उघडं धरून दुसऱ्या हाताने टिपणं काढता येत नाहीत, हा शोध लावायला मला दोन मनगटं लागली.

आणि जमलं तर एकाच पक्ष्यावरचं एक पुस्तक. डेव्हिड लॅक शाळामास्तर होते. शाळेच्या आवारातल्या रॉबिन पक्ष्यांना पकडून पायांत रंगीत कडी घालायची, सोडायचं आणि कोण कुठे राहतो, कुणाशी जोडी लावतो, कधी मरतो ते लिहायचं. चार वर्षं. पेंढा भरलेला रॉबिन काठीवर बसवला, की आवाराचा धनी त्याच्यावर तुटून पडायचा. नुसता लाल पिसांचा झुपका ठेवला तरीसुद्धा. १९४३ साली त्यांचं छोटं पुस्तक निघालं. त्यात दुर्मीळ असं काहीच नाही. असलंच तर एका माणसाने एका साध्या पक्ष्याला दिलेली चार वर्षं.

काकांना मी मुंग्यांचं अर्ध वाक्य दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून ते वाचलं आणि विचारलं, “पिसं गाळत होती का तुझी साळुंकी?”

मी पाहिलंच नव्हतं.

म्हणून आता सकाळी पुस्तक आतच ठेवून मी दुर्बीण घेऊन कठड्यासमोर बसते. पिसं गाळताना पंखात दोन्ही बाजूंना सारख्याच जागी फट दिसते, डोक्यावरची पिसं विरळ होऊन कातडी डोकावते, शेपटीत एखादं पीस अर्धवट वाढलेलं असतं, हे आता ठाऊक आहे. मुंग्या बऱ्याच दिवसांनी परवा पुन्हा निघाल्या. साळुंकीही आली, तीच की दुसरी, कुणास ठाऊक, पायात कडं थोडंच आहे. शेपटीचं मधलं एक पीस आखूड होतं, मी दोनदा खात्री केली. तिने रांगेशी येऊन मान वाकडी केली, एक मुंगी उचलली. माझा श्वास अडकला. तिने पंख उघडला नाही. सरळ गिळली, आणि दुसरी उचलली.